पाच दिवसांची मुलगी, नवा बाप आणि रात्री पावणेतीनचे नऊ प्रश्न

रात्रपाळी | मंगळवार, रात्री २:४७

नमस्कार मंडळी. एरवी मी इथला नुसता वाचक. चाकणला कंपनीत शिफ्टची नोकरी, म्हणून हे टोपणनाव घेतलं होतं. ते असं खरं होईल असं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे मुलगी झाली. सदतीस आठवडे आणि दोन दिवस. चौदा तास कळा देऊन शेवटी सिझर. वजन २ किलो ९००. काल दुपारी घरी आणलं. रीतीप्रमाणे बायको माहेरी असती, पण सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन महिन्यापूर्वीच झालंय, त्यामुळे बाळंतपण आमच्याच दोन खोल्यांत. माझी आई कराडहून आलीय. दिवसा ती बघते, रात्री मी. बायकोला टाक्यांमुळे कूस बदलायलाही हात द्यावा लागतो.

आता प्रश्न. हसू नका.

१) श्वास. भराभर आठ-दहा श्वास घेते आणि एकदम थांबते. मोबाइलवर मोजलं, सात सेकंद. मग परत सुरू. त्या सात सेकंदांत माझं काय होतं ते विचारू नका.
२) शिंका. सारख्या. सर्दी झालीय का? आई म्हणते कुंची घाल.
३) उचकी, एकदा सलग चौदा मिनिटं. आईच्या मते आतडी वाढतात.
४) कुठे भांडं पडलं की दोन्ही हात फेकून दचकते, बोटं फाकतात, मग हात पुन्हा छातीशी. आकडी म्हणतात ती हीच का?
५) झोपेत हसते. सटवाई हसवते म्हणे. चालेल, पण पुढच्याच क्षणी रडवेलं तोंड करते, ते कोण करवतं?
६) मधूनच डोळे तिरळे होतात.
७) कमरेखाली निळसर काळा डाग आहे, पाच रुपयांच्या नाण्याहून मोठा. हॉस्पिटलात कुणाच्या हातून आपटली तर नाही ना?
८) डोकं मागे लांबट आहे, भोपळ्यासारखं. आणि टाळू उडताना दिसते.
९) लंगोटावर विटकरी रंगाचा डाग. हे रक्त आहे का?

बाकी छान आहे. झोपेचा तर काही त्रासच नाही, चार-चार, पाच-पाच तास उठत नाही. पाजायला घेतलं तरी दोन मिनिटांत डोळे मिटते. आई म्हणते, इतकं गुणी पोर मी पाहिलं नाही. पाऊस मात्र उघडत नाहीये, लंगोट इस्त्रीने वाळवतोय.

जुळ्यांचा_बाप | मंगळवार, रात्री ३:१०

अभिनंदन! बर्फी कुठाय?

तुमचे नऊ प्रश्न मी दोन पोरांसाठी, म्हणजे अठरा, विचारले होते, तेही एकाच डॉक्टरांना आणि एकाच फोनवर. दचकणं आकडी नव्हे. झोपेत तिचा हात थरथरला तर आपल्या हातात हलकेच धरायचा. धरल्यावर थांबलं तर काही नाही. धरूनही झटके येत राहिले, डोळे एकीकडे लागले, तर मात्र उठून पळायचं. श्वासाचं उत्तर जाणकार देतील. मी तीन रात्री पोराच्या नाकासमोर आरसा धरून बसलो होतो, त्यामुळे माझ्या सल्ल्याला तेवढीच किंमत द्या.

पूर्वीचं_बरं | मंगळवार, सकाळी ६:०५

आजकालच्या पोरांना मूल झालं की लगेच स्टॉपवॉच. आमच्या घरी नऊ भावंडं झाली, कुणी श्वास मोजले नाहीत. शिंकांना बोटभर मध चाटवा, डोळ्यांत काजळ घाला, तिरळेपणा जातो. आणि पोर झोपतंय तर झोपू द्या की. झोपेतच बाळसं धरतं.

वॉर्डसिस्टर | मंगळवार, सकाळी ६:४०

रात्रपाळी, मी एकतीस वर्षं सरकारी प्रसूती वॉर्डात काढली. तुमच्या पहिल्या आठ प्रश्नांची उत्तरं सावकाश देते, त्यांत घाबरण्यासारखं काही नाही. मला अडलंय ते नववं, आणि तुम्ही शेवटी "बाकी छान आहे" म्हणून जे लिहिलंत ते.

आधी एवढं सांगा. काल घरी आल्यापासून शू किती वेळा? शी कोणत्या रंगाची? घरी सोडताना वजन किती होतं? आणि आता उजाडलंय, तिला खिडकीपाशी न्या, दिवा लावू नका. नाकाचा शेंडा, छाती, मांडी आणि तळपाय एकेक करून बोटाने दाबा. बोट उचललं की क्षणभर कातडीचा खरा रंग दिसतो. तो पांढुरका दिसतो की पिवळा?

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ७:५८

शू दोनदा. एकदा काल संध्याकाळी, एकदा पहाटे, दोन्ही वेळा तो विटकरी डाग. शी अजून काळपट हिरवी, डांबरासारखी. सोडताना कुणी वजन केल्याचं आठवत नाही, कागदावरही नाही.

बोट दाबून पाहिलं. तळपायसुद्धा पिवळे. आई म्हणते नात गोरी आहे म्हणून केतकी दिसते.

वॉर्डसिस्टर | मंगळवार, सकाळी ८:०२

आत्ता निघा. अंघोळ, शेक, पाचवीची पूजा काही करत बसू नका. जिथे नवजात बाळांचा विभाग आहे तिथेच जा, नुसत्या दवाखान्यात नको. बाळंतिणीलाही न्या, तिच्याशिवाय उपयोग नाही. निघण्याआधी एकदा पाजा. झोपली असेल तर लंगोट सोडा, तळपाय चोळा, पाठीवरून बोटं फिरवा, उठवा. घाबरून गाडी हाकू नका, पण दुपार करू नका.

पूर्वीचं_बरं | मंगळवार, सकाळी ८:३०

काविळीला सकाळचं कोवळं ऊन पुरे. कशाला लगेच घाबरवता?

लहान_डोस | मंगळवार, सकाळी ९:१५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सिस्टरांनी बरोबर ओळखलंय, थोडं कारण सांगतो.

बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. जन्मानंतर त्या फुटतात आणि त्यातून पिवळा पदार्थ तयार होतो, बिलिरुबिन. यकृत नवखं असतं, त्याला तो भराभर निकालात काढता येत नाही. म्हणून निम्म्याहून जास्त बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी पिवळी होतात, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळेपणा सर्वांत जास्त असतो आणि दोनेक आठवड्यांत ओसरतो. ही साधी कावीळ. जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत दिसली तर ती साधी नव्हे. चेहऱ्यावरून उतरत हातापायांच्या तळव्यांपर्यंत पोचली तरी नव्हे. नुसत्या डोळ्यांवर कधीच विसंबू नये, सावळ्या बाळात तर नाहीच. रक्त तपासूनच आकडा कळतो.

आता झोपेचं. बिलिरुबिन शीवाटे बाहेर जातं. दूध कमी गेलं की शी होत नाही, बिलिरुबिन आतच राहतं आणि पुन्हा रक्तात शोषलं जातं. ते वाढलं की बाळ सुस्तावतं. सुस्त बाळ पीत नाही, आणि चक्र सुरू राहतं. सदतीस आठवड्यांची बाळं यात हमखास सापडतात. दिसायला ती पूर्ण दिवसांची, पण ओढायची ताकद जरा कमी. सिझरनंतर आईचं दूध उतरायलाही एखादा दिवस उशीर होतो. विटकरी डाग रक्ताचा नसतो. लघवी दाट झाली की युरिक आम्लाचे खडे असे दिसतात. पहिले दोन-तीन दिवस ते चालतात. पाचव्या दिवशी ते दिसले तर बाळाला दूध पुरत नाही असं समजायचं.

पूर्वीचं_बरं, जुलैत चाकणला ऊन कुठून आणायचं ते सोडा. असतं तरी उघडं बाळ उन्हात धरलं तर ते गारठतं नाहीतर भाजतं, आणि किती मात्रा गेली हे कळत नाही. दवाखान्यातल्या दिव्याचा ठरावीक निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचा आकारच बदलतो, मग ते यकृताची वाट न पाहता पित्त आणि लघवीतून निघून जातं. बिलिरुबिन फार वाढून मेंदूत शिरलं तर झालेली इजा, त्यात बहिरेपणाही आला, आयुष्यभर राहते. ती टाळता येते, म्हणून एवढी घाई.

शेगडी | मंगळवार, सकाळी १०:२०

अरे देवा. पोर बरी असू दे.

पूर्वीचं_बरं, तुम्ही नऊ भावंडं झालात आणि नऊ राहिलात का, ते तुमच्या आईला विचारायला हवं होतं. माझ्या सासूची अकरा झाली, सहा उरली. ती बाळसं, झोप हेच म्हणायची. माझ्या थोरल्याच्या वेळी तिने गुटी उगाळली आणि सहाणेवर जायफळाचे दोन वेढे जास्त दिले. सकाळी आठला दिलेली गुटी, पोर रात्री आठला उठलं. घरात कौतुक, किती शांत पोर! मी वीस वर्षांची, मला काय कळणार? मीही शेजारणीला तेच कौतुक सांगत बसले. नशीब बलवत्तर, एवढंच.

वॉर्डसिस्टर | मंगळवार, दुपारी १२:४५

तेवढ्यात बाकीच्या प्रश्नांचं बघते, इतरांच्याही कामी येईल.

श्वास: नवजात बाळ मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घेतं, आणि लयीत घेत नाही. भराभर घेऊन पाच-दहा सेकंद थांबणं हीच त्याची तऱ्हा. मोजायचे तर पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. शांत झोपेतही सतत साठच्या वर, बरगड्यांखाली खळगा पडतोय, कण्हल्यासारखा आवाज, वीस सेकंदांची थांब किंवा ओठ निळे, यातलं एकही दिसलं तर दवाखाना. शिंका म्हणजे नाक साफ करणं. त्याला दुसरा मार्ग ठाऊक नाही. उचकी आली तर येऊ द्या, पाणी पाजू नका. सहा महिने पाण्याचा थेंबही नको. आतडी वाढतात हे म्हणणं निरुपद्रवी आहे, आजीला म्हणू द्या.

तिरळेपणा तीन-चार महिन्यांपर्यंत चालतो. डोळ्यांचे स्नायू अजून जोडीने काम करत नाहीत. तिला स्पष्ट दिसतं ते वीतभर किंवा थोडं जास्त, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्याच अंतरावर. कमरेखालचा निळा डाग आपल्याकडच्या बाळांत सर्रास असतो. तो मार नव्हे, कातडीत खोल राहिलेला रंग आहे, काही वर्षांत पुसट होतो. चौदा तास कळांत डोकं दाबलं गेलं म्हणून लांबट, आपोआप गोल होईल. चोळून, दाबून आकार देणाऱ्या बाईला दाराबाहेर ठेवा. टाळू नाडीबरोबर उडते, तिथली हाडं अजून जुळलेली नाहीत. खोल गेली तर पाणी कमी पडलंय, बाळ शांत असतानाही फुगलेली राहिली तर दाखवा. टाळू भरायला तेल लावायचं तर वरवर लावा, पण कानात आणि नाकात तेल सोडू नका.

मध एक वर्षापर्यंत नाही. त्यात क्वचित असे जंतू असतात की बाळाचं अंग लुळं पडतं. काजळ डोळ्यांत नको. काही काजळांत शिसं सापडतं, आणि बोटाने डोळ्यात जंतू जातात ते वेगळंच. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, तिथे ती चाटणार नाही.

पूर्वीचं_बरं | मंगळवार, दुपारी १:३०

सगळंच बंद करा मग. आजीने करायचं काय?

शेगडी | मंगळवार, दुपारी १:३८

बाळंतिणीचं ताट. त्यात कुणी डॉक्टर आडवा येत नाही. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेपूची भाजी, आणि ती जेवत असताना पोर मांडीवर घेऊन बसायचं. ती गरम जेवली तर तेवढंही पुष्कळ आहे.

सायकलवाली | मंगळवार, रात्री ९:१०

मी यवतमाळ जिल्ह्यात आशा, म्हणजे गावातली आरोग्यसेविका आहे. रात्रपाळींची खबर आली का? सकाळपासून दहादा उघडून बघतेय.

आमच्याकडे दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. याची सुरुवात आपल्याच गडचिरोलीतून झाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना बाळाचा श्वास मोजायला, वजन करायला, ऊब द्यायला शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभर आशांकडे हे काम आलं. त्यामुळे श्वास मोजणाऱ्या बापाला कुणी हसू नका. आम्हाला प्रशिक्षणात पहिल्यांदा तेच शिकवलं.

घरी आल्या दिवशी आमच्यापैकी कुणी काटा घेऊन दारात गेली असती, तर ही गोष्ट कालच कळली असती. सोसायटीच्या पाचव्या मजल्यावर कोण जातं?

राईनकाठी | मंगळवार, रात्री १०:००

जर्मनीत आमच्या घरी पहिले दहा दिवस रोज सुईण येत होती, खर्च आरोग्य विम्यातून. तिच्याकडे झोळीसारखा काटा होता, बाळाला त्यात घालून मासळीवाल्यासारखं उचलायची. मला पहिल्या दिवशी धसका, चौथ्या दिवशी मीच उचलत होतो. इथे आई-सासू कुणी नव्हतं, त्यामुळे सल्ले देणारं एकच तोंड. ते बरं होतं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ११:२०

परत आलो. सगळ्यांचे आभार कसे मानू?

मंगळवारी दहाच्या सुमारास पोचलो. वजन २ किलो ५८०. डॉक्टरांनी गणित करून दाखवलं, जन्मवजनाच्या अकरा टक्के उतरलं होतं. सात-आठ टक्के सगळ्यांचंच उतरतं, दहाच्या पुढे गेलं की बघावं लागतं म्हणाले. बिलिरुबिन १९.४. लगेच निळ्या दिव्याखाली ठेवली.

ते दृश्य सांगतो. काचेच्या पेटीत ती फक्त लंगोटावर, डोळ्यांवर पांढरी पट्टी, आणि वरून असा निळा उजेड की बघणाऱ्याचे ओठही जांभळे दिसतात. हाताला बेड्या नाहीत एवढंच. दर दोन तासांनी बाहेर काढून पाजायची. सुरुवातीला ती ओढेचना, तेव्हा बायकोने दूध काढून दिलं आणि सिस्टरने बोंडल्याने पाजायला मला शिकवलं. ओठांच्या कडेला टेकवायचं, ओतायचं नाही, ती स्वतः जिभेने घेते. पहिल्यांदा अर्धं दूध तिच्या गळ्याशी गेलं. चौथ्यांदा एक थेंब सांडला नाही. मी आठ वर्षं मशीनवर काम करतोय, पण हात इतके स्थिर कधी धरले नव्हते.

बायकोला तिथल्या सिस्टरने धरायची पद्धत नव्याने शिकवली. नुसती बोंडी नाही, भोवतालचा काळा भाग तोंडात गेला पाहिजे, हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. पहिल्यांदा गिळल्याचा आवाज ऐकू आला. चार दिवस पाजतोय असं आम्ही समजत होतो, तो आवाज नव्हताच, हे तेव्हा कळलं.

अडतीस तासांनी दिवा बंद केला. आकडा १२.१. शी आता मोहरीच्या फेसासारखी पिवळी, दिवसाला सहा वेळा, आणि मला तिचा इतका आनंद होतो की आई माझ्याकडे संशयाने बघते.

पाचवी हॉस्पिटलातच झाली. पाटा-वरवंटा कुठला आणणार? आईने पिशवीतून कोरा कागद आणि पेन आणलं होतं, सटवाई रात्री येऊन कपाळी काय ते लिहिते म्हणून. पेटीखाली ठेवू देईनात, म्हणून शेजारच्या टेबलावर ठेवलं. पहाटे बघतो तर रात्रपाळीच्या सिस्टरने त्याच कागदावर दूध दिल्याच्या वेळा मांडलेल्या: १२:१०, २:००, ४:०५, पुढे मिलिलिटर. आईने तो कागद घडी करून देव्हाऱ्यात ठेवलाय.

वॉर्डसिस्टर | शुक्रवार, सकाळी ६:३०

शाब्बास. आता चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजा, आणि वजन पुन्हा चढेपर्यंत तीन तासांच्या वर झोपू देऊ नका. ओले लंगोट रोज सहा किंवा जास्त. दिवसातून एकदा शर्ट काढून तिला तुमच्या उघड्या छातीवर घ्या, वरून दुपटं. बापाच्या छातीची ऊबही तिला चालते.

आणि कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारते. बाळंतीण कशी आहे?

रात्रपाळी | शनिवार, रात्री १:१५

रडते. कारण नसताना. "माझं दूधच पुरलं नाही" हे दिवसातून दहा वेळा म्हणते. मी समजावतो ते तिला उपदेशासारखं वाटतं बहुधा.

वॉर्डसिस्टर | शनिवार, सकाळी ६:२५

पहिल्या आठ-दहा दिवसांत रडू येणं बहुतेकींना होतं, ते ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, रात्री बाळ झोपूनही तिला झोप येईना, तर डॉक्टरांना सांगा किंवा १४४१६ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे. स्वतःला इजा करण्याचं बोलली तर मात्र एक दिवसही थांबू नका. समजावू नका. रात्रीचं एक दूध काढून ठेवायला सांगा, ते तुम्ही पाजा, आणि बायकोला सलग चार तास झोपू द्या.

रात्रपाळी | अठरावा दिवस, रात्री ३:३०

वजन २ किलो ९३०! नाळ अकराव्या दिवशी पडली. काही लावलं नव्हतं. बायको बरी आहे, काल मला ओरडली.

पण नवीन भानगड. मुलीच्या छाती सुजल्यासारख्या कडक आहेत, एका बाजूने दुधासारखा थेंब आला. मालिशवाली म्हणते पिळून काढावं लागतं, नाहीतर गाठ होते. आई गप्प आहे, म्हणजे तिलाही तसंच वाटतंय.

लहान_डोस | अठरावा दिवस, सकाळी ७:५०

अजिबात पिळू देऊ नका. पोटात असताना आईच्या शरीरातले स्राव बाळात उतरतात, त्यांचा हा परिणाम. मुलांनाही होतं. काही आठवड्यांत आपोआप बसतं. पिळलं की जंतू शिरून पू होतो. कापून पू काढावा लागलेली बाळं मी दर वर्षी बघतो, आणि प्रत्येक वेळी घरचे म्हणतात, "बाईंच्या हाताला गुण आहे हो."

शेगडी | अठरावा दिवस, सकाळी ९:००

मालिशवालीला सरळ नाही म्हणू नकोस, ती रागावली तर उद्यापासून यायची नाही. "डॉक्टरांनी छातीला हात लावायला मना केलंय" म्हण. डॉक्टरांचं नाव अशा वेळीच उपयोगी येतं.

रात्रपाळी | त्रेचाळिसावा दिवस, रात्री १२:४०

हे लिहायची लाज वाटते. रोज संध्याकाळी सहाला सुरू होते ते रात्री नऊ-साडेनऊपर्यंत टाहो. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, वजन ४ किलोच्या वर. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. आई परत गेलीय. काल मी पहिली पाळी करून आलेलो, तासभर तिला खांद्यावर घेऊन फिरलो, आणि एका क्षणी मी तिच्यावर ओरडलो. जोरात. हात कसे घट्ट झाले ते माझं मलाच जाणवलं. बायकोने तिला काढून घेतलं. तेव्हापासून मला तिला उचलायची भीती वाटतेय.

जुळ्यांचा_बाप | त्रेचाळिसावा दिवस, रात्री १२:५५

लाज कसली? मी दोघांना गादीवर ठेवून बाथरूममध्ये नळ सोडून बसलो होतो. आणि तेच बरोबर होतं.

हे ऐका. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. संध्याकाळीच, आणि कशानेही न थांबणारं. तुम्ही ऐन कळसावर आहात. हात घट्ट होतायत असं वाटलं की त्याच क्षणी तिला पाळण्यात उताणं ठेवायचं, दार ओढायचं, गॅलरीत जाऊन पाच-दहा मिनिटं उभं राहायचं. रडून तिला काही होत नाही. गदागदा हलवलं तर होतं, मान लुळी असते, मेंदूत रक्तस्राव होतो. शंभरातले नव्व्याण्णव बाप ओरडतात आणि सांगत नाहीत. तुम्ही सांगितलंत. आता बायकोशी ठरवून टाका, वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या. पाळी संपली की बाळ दुसऱ्याकडे, मग ते शांत झालेलं असो वा नसो. तुम्हाला शिफ्ट शिकवायला नको.

वॉर्डसिस्टर | त्रेचाळिसावा दिवस, सकाळी ६:३५

वरचं सगळं बरोबर. एकच जोडते. रडणं नेहमीचं वाटलं नाही, चिरका सूर आला, पिणं सुटलं, हिरवी उलटी झाली किंवा काखेत ताप १०० च्या पुढे गेला, तर वेळेकडे न बघता दवाखान्यात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे घरी औषध नाही. त्याला अपवाद लसीनंतरच्या एक-दोन दिवसांच्या तापाचा, आणि तिथेही डॉक्टरांनी सांगितलेलीच मात्रा. दीड महिन्याची लस घेतली का?

रात्रपाळी | पंचेचाळिसावा दिवस, पहाटे ४:०५

लस काल घेतली. मांडीवर सूज होती, आता कमी आहे. डाव्या दंडावर जन्माच्या वेळच्या बीसीजीच्या जागी पुटकुळी आलीय, पण ती येतेच, त्यावर काही लावायचं नाही, हे मी इथेच एका जुन्या धाग्यात वाचलं. बघा, एक प्रश्न न विचारता सुटला.

पाळ्या जमतायत. काल एकदा गॅलरीत गेलो, समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक जण अगदी तसाच उभा होता. दोघांनी हात केला.

आणि आत्ता, लंगोट बदलताना, ती हसली. शेगडीताई, पाचव्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नव्हतं.

शेगडी | पंचेचाळिसावा दिवस, सकाळी ७:१५

डोळे मिटलेले होते की उघडे?

रात्रपाळी | पंचेचाळिसावा दिवस, सकाळी ७:२०

उघडे. माझ्याकडे बघून. मी "काय गं" म्हणालो, परत हसली.

शेगडी | पंचेचाळिसावा दिवस, सकाळी ७:२२

मग सटवाई नव्हे.